बास्केटबॉलमधील निर्णायक क्षणांची कामगिरी

अटीतटीच्या सामन्याच्या अखेरच्या काही मिनिटांत, विजय-पराजयाचा निकाल हाती येण्यापूर्वी, खेळाडू जो खेळ करतो त्यास बास्केटबॉलच्या परिभाषेत 'क्लच' कामगिरी असे म्हणतात. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एनबीए, या व्यावसायिक संघटनेच्या प्लेऑफ सामन्यांच्या संदर्भात ही संज्ञा विशेष प्रचलित आहे. शेवटच्या क्षणी बास्केट करून संघाला तारणारा खेळाडू क्रीडारसिकांच्या स्मरणात पिढ्यानपिढ्या राहतो आणि त्याच क्षणी चुकलेला खेळाडूही तितकाच स्मरणात राहतो. अशी कामगिरी हा काही निवडक खेळाडूंचा स्थायी गुण आहे, की थोड्याशा प्रसंगांवरून काढलेला तो निष्कर्ष आहे, हा या विषयातील मुख्य वादाचा मुद्दा होय.

व्याख्या

एनबीएचा सामना प्रत्येकी १२ मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे एकूण ४८ मिनिटांचा असतो. बरोबरी झाल्यास पाच मिनिटांचा जादा वेळ दिला जातो व निकाल लागेपर्यंत तो पुन्हा पुन्हा दिला जातो. एनबीएच्या अधिकृत आकडेवारीत चौथ्या सत्राची शेवटची पाच मिनिटे किंवा जादा वेळ चालू असताना दोन्ही संघांच्या गुणांतील फरक पाच किंवा त्याहून कमी असेल, तर त्या कालावधीस निर्णायक काळ मानले जाते.

ही व्याख्या सोयीची असली तरी ढोबळ आहे. पाच मिनिटे शिल्लक असताना चार गुणांनी पुढे असणे आणि पाच सेकंद शिल्लक असताना एका गुणाने मागे असणे या दोन्ही स्थिती तिच्यात एकाच मापाने मोजल्या जातात. म्हणून काही अभ्यासक केवळ शेवटच्या २४ सेकंदांतील, बरोबरी साधणाऱ्या अथवा आघाडी मिळवून देणाऱ्या फेकींचाच विचार करतात. इतर काही जण प्रत्येक कृतीमुळे संघाच्या विजयाची शक्यता किती वाढली वा घटली याचे गणित मांडतात. व्याख्या बदलली की श्रेष्ठ खेळाडूंची यादीही बदलते, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

प्लेऑफ सामन्यांचे वेगळेपण

नियमित हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. त्यानंतरच्या प्लेऑफमध्ये १६ संघ असतात आणि चार फेऱ्यांनंतर विजेता ठरतो. प्रत्येक फेरीत तेच दोन संघ जास्तीत जास्त सात वेळा समोरासमोर येतात व चार सामने जिंकणारा संघ पुढे जातो. पहिली फेरी २००२ पर्यंत पाच सामन्यांची होती. २००३ पासून तीही सात सामन्यांची झाली.

एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ सामने होत असल्यामुळे प्रशिक्षकांना समोरच्या प्रमुख खेळाडूच्या सवयींचा बारकाईने अभ्यास करता येतो. तो चेंडू कोणत्या हाताने पुढे नेतो, कोणत्या जागेवरून फेक करणे पसंत करतो, अडचणीत सापडल्यावर चेंडू कोणाकडे देतो हे सर्व बचाव करणाऱ्या संघाला ठाऊक झालेले असते. शिवाय प्रमुख खेळाडू नियमित हंगामापेक्षा अधिक मिनिटे मैदानावर असल्याने शेवटच्या सत्रापर्यंत ते थकलेले असतात.

अखेरच्या मिनिटांत खेळाची गती मंदावते. चढाईसाठी २४ सेकंदांची मर्यादा १९५४-५५ च्या हंगामापासून आहे. आघाडीवरील संघ ती मुदत जवळजवळ पूर्ण वापरतो, तर पिछाडीवरील संघ मुद्दाम फाउल करून घड्याळ थांबवतो व प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो घ्यावयास लावतो. तीन गुणांची आघाडी असलेल्या संघाने बरोबरीची तीन गुणांची फेक होऊ न देण्यासाठी आधीच फाउल करावा की नाही, हा प्रशिक्षकांपुढील नेहमीचा पेच असतो.

संघाची चढाई या वेळी बहुधा एका प्रमुख खेळाडूच्या हाती सोपवली जाते. तो एकट्याने बचावपटूशी झुंजतो किंवा सहकारी बचावपटूच्या वाटेत उभा राहून त्याला मोकळी जागा करून देतो. चेंडू हातोहात फिरवताना तो गमावण्याचा धोका असतो; एकाच कुशल खेळाडूकडे चेंडू ठेवल्यास तो धोका कमी होतो. मात्र चेंडू कोणाकडे जाणार हे बचावपटूंनाही आधीच कळत असल्याने मिळणारी फेक नेहमीपेक्षा अवघड असते. श्रेष्ठ खेळाडूंचे यशाचे प्रमाण शेवटच्या क्षणी का घसरते, याचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते.

प्रसिद्ध उदाहरणे

लॉस एंजेलिस लेकर्सचा जेरी वेस्ट 'मिस्टर क्लच' या नावाने ओळखला जाई. १९७० च्या अंतिम फेरीतील तिसऱ्या सामन्यात न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने सुमारे ६० फुटांवरून चेंडू फेकून १०२-१०२ अशी बरोबरी साधली. एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा १९७९-८० च्या हंगामात आली. त्यामुळे त्या फेकीचे दोनच गुण मिळाले आणि लेकर्स जादा वेळेत १११-१०८ असे हरले. त्याआधीच्या वर्षी, १९६९ मध्ये, बोस्टन सेल्टिक्सविरुद्धच्या सातव्या सामन्यात वेस्टने ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट अशी कामगिरी केली. तरीही लेकर्सना १०८-१०६ असा पराभव पत्करावा लागला. अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार त्या वर्षी प्रथमच देण्यात आला व तो वेस्टला मिळाला. पराभूत संघातील खेळाडूला हा मान मिळाल्याचे हे आजवरचे एकमेव उदाहरण आहे. नऊ वेळा अंतिम फेरी खेळूनही वेस्ट केवळ एकदा, १९७२ मध्ये, विजेता ठरला. निर्णायक क्षणी उत्तम खेळणे आणि सामना जिंकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.

शिकागो बुल्सचा मायकेल जॉर्डन हे या संदर्भात सर्वाधिक घेतले जाणारे नाव होय. ७ मे १९८९ रोजी क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सविरुद्धच्या पहिल्या फेरीतील पाचव्या सामन्यात क्रेग एलो या बचावपटूवरून त्याने केलेल्या शेवटच्या फेकीमुळे बुल्स १०१-१०० असे जिंकले. ही फेक 'द शॉट' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच मालिकेतील चौथ्या सामन्यात मात्र जॉर्डनने ५० गुण करूनही अखेरीस एक महत्त्वाचा फ्री थ्रो चुकवला होता आणि बुल्स जादा वेळेत हरले होते. या चुकीचा उल्लेख क्वचितच होतो. १४ जून १९९८ रोजी युटा जॅझविरुद्धच्या अंतिम फेरीतील सहाव्या सामन्यात त्याने कार्ल मलोनच्या हातून चेंडू हिसकावला आणि ५.२ सेकंद शिल्लक असताना बास्केट करून ८७-८६ असा विजय मिळवून दिला. त्या सामन्यात जॉर्डनने ४५ गुण केले, मात्र त्यासाठी त्याने घेतलेल्या ३५ फेकींपैकी १५ यशस्वी ठरल्या.

इंडियाना पेसर्सच्या रेजी मिलरने ७ मे १९९५ रोजी न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे निक्सविरुद्ध सुमारे नऊ सेकंदांत आठ गुण केले व हातून गेलेला सामना १०७-१०५ असा जिंकून दिला. ३१ मे २००७ रोजी क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्ध संघाच्या शेवटच्या ३० पैकी २९ गुण एकट्याने केले. दोनदा जादा वेळ द्यावा लागलेला तो सामना क्लीव्हलँडने १०९-१०७ असा जिंकला.

१२ मे २०१९ रोजी टोरंटो रॅप्टर्सच्या कावाय लेनर्डने फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्यात केलेली फेक रिंगवर चार वेळा उसळून आत गेली आणि टोरंटोने ९२-९० असा विजय मिळवला. सातव्या सामन्याचा निकाल घड्याळ संपताना पडलेल्या बास्केटने लागण्याचा एनबीएच्या इतिहासातील तो पहिलाच प्रसंग होता. टोरंटोने पुढे त्या वर्षीचे विजेतेपदही पटकावले.

२०२५ च्या प्लेऑफमध्ये इंडियाना पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनने चारही फेऱ्यांत शेवटच्या दोन सेकंदांच्या आत सामना जिंकून देणारी अथवा बरोबरी साधणारी फेक केली. ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्धच्या अंतिम फेरीतील पहिल्या सामन्यात त्याची विजयी फेक ०.३ सेकंद शिल्लक असताना पडली आणि इंडियानाने सामना १११-११० असा जिंकला. संपूर्ण सामन्यात इंडियाना आघाडीवर असण्याची ती एकमेव वेळ होती. याच खेळाडूस त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या निनावी मतचाचणीत सहखेळाडूंनी 'योग्यतेपेक्षा अधिक मान मिळालेला खेळाडू' ठरवले होते. सातव्या सामन्यात टाचेमागील स्नायुबंध तुटल्याने त्याला मैदान सोडावे लागले व इंडियानाचे विजेतेपद हुकले.

अपयशाची उदाहरणे

७ जून १९९५ रोजी अंतिम फेरीतील पहिल्या सामन्यात ऑर्लँडो मॅजिक संघ ह्यूस्टन रॉकेट्सविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत तीन गुणांनी पुढे होता. ऑर्लँडोच्या निक अँडरसनला लागोपाठ चार फ्री थ्रो मिळाले. त्यांतील एक जरी यशस्वी झाला असता, तर विजय जवळपास निश्चित होता. चारही चुकले. ह्यूस्टनच्या केनी स्मिथने तीन गुणांची फेक करून बरोबरी साधली, जादा वेळेत ह्यूस्टनने १२०-११८ असा विजय मिळवला आणि पुढे मालिकाही ४-० अशी जिंकली. त्या हंगामात अँडरसनचे फ्री थ्रोमधील यश सुमारे ७० टक्के होते. १९९६-९७ च्या हंगामात ते सुमारे ४० टक्क्यांपर्यंत खाली आले. एका प्रसंगाचा आघात खेळाडूच्या पुढील खेळावर किती खोल होऊ शकतो, याचे हे उदाहरण म्हणून सांगितले जाते.

२० मे २००१ रोजी टोरंटोच्या व्हिन्स कार्टरने सकाळी आपल्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभास हजेरी लावली व त्याच दिवशी फिलाडेल्फियाविरुद्ध सातवा सामना खेळला. त्याची शेवटची फेक चुकली आणि टोरंटो ८८-८७ असे हरले. ती फेक यशस्वी झाली असती, तर पदवीदानास जाण्याबद्दल त्याच्यावर झालेली टीका बहुधा झाली नसती. अठरा वर्षांनी याच दोन संघांमधील सातव्या सामन्यात लेनर्डची फेक रिंगवर उसळून आत गेली. दोन खेळाडूंच्या कीर्तीतील अंतर कधी कधी चेंडूच्या एका उसळीइतके असते.

डॅलस मॅव्हरिक्सचा जर्मन खेळाडू डर्क नोविट्स्की फ्री थ्रोमध्ये सुमारे ९० टक्के यशस्वी होता. तरीही २००६ च्या अंतिम फेरीतील तिसऱ्या सामन्यात शेवटच्या क्षणी त्याचा एक फ्री थ्रो चुकला व मायामी हीटने सामना ९८-९६ असा जिंकला. डॅलसने २-० अशी आघाडी घेतलेली ती मालिका ४-२ अशी गमावली आणि नोविट्स्की कच्च्या मनाचा खेळाडू म्हणून हिणवला गेला. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच मायामीविरुद्ध त्याने डॅलसला विजेतेपद मिळवून दिले व अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला. दुसऱ्या सामन्यात १५ गुणांची पिछाडी भरून काढताना डॅलसचे शेवटचे नऊ गुण त्याने केले होते. त्याच मालिकेत मायामीकडून खेळणाऱ्या लेब्रॉन जेम्सला चौथ्या सामन्यात केवळ आठ गुण करता आले. ऐनवेळी कच खाणारा, अशी त्याची संभावना झाली. परंतु २०१२ व २०१३ ही दोन्ही विजेतेपदे मायामीने त्याच्याच नेतृत्वाखाली मिळवली.

सहकारी व बचाव यांचा वाटा

शेवटच्या फेकीचे श्रेय एका खेळाडूला दिले जात असले, तरी त्यामागे अनेकांचे काम असते. १९९७ च्या अंतिम फेरीतील सहाव्या सामन्यात दोन बचावपटू अंगावर येताच जॉर्डनने चेंडू स्टीव्ह कर याच्याकडे दिला व करने विजयी बास्केट केले. १९९३ मध्ये फिनिक्स सन्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात जॉन पॅक्सनच्या तीन गुणांच्या फेकीने बुल्सला ९९-९८ असा विजय व विजेतेपद मिळाले. रॉबर्ट हॉरी हा संघातील दुय्यम खेळाडू असूनही ऐनवेळच्या फेकींसाठी ख्यातनाम झाला. त्याने तीन वेगवेगळ्या संघांकडून सात विजेतेपदे मिळवली. प्रमुख खेळाडूंभोवती बचाव एकवटल्यामुळे अशा खेळाडूंना मोकळी जागा मिळते.

१८ जून २०१३ रोजी सॅन अँटोनियो स्पर्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात मायामी तीन गुणांनी मागे असताना लेब्रॉन जेम्सची फेक चुकली. ख्रिस बॉशने रिबाउंड घेऊन चेंडू रे ॲलनकडे दिला आणि ५.२ सेकंद उरले असताना ॲलनने तीन गुणांची फेक करून बरोबरी साधली. मायामीने तो सामना जादा वेळेत १०३-१०० असा आणि पुढे विजेतेपदही जिंकले. बॉशचा रिबाउंड नसता, तर जेम्सची चुकलेली फेकच त्या सामन्याची ओळख ठरली असती.

बचावातील कृतीही तितक्याच निर्णायक असतात. १९८७ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध बोस्टनच्या लॅरी बर्डने आयझेया थॉमसचा पास मध्येच हिरावून डेनिस जॉन्सनकडे दिला व बोस्टन १०८-१०७ असे जिंकले. १९ जून २०१६ रोजी गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धच्या सातव्या सामन्यात ८९-८९ अशी बरोबरी असताना लेब्रॉन जेम्सने मागून धावत येऊन आंद्रे इग्वोडालाची फेक अडवली. त्यानंतर कायरी अर्विंगच्या तीन गुणांच्या फेकीने क्लीव्हलँडला आघाडी मिळाली व संघ ९३-८९ असा विजयी झाला.

संख्याशास्त्रीय अभ्यास

निर्णायक फेकींची संख्या अत्यल्प असणे ही या अभ्यासातील मुख्य अडचण आहे. समजा, एखाद्या खेळाडूच्या दर १०० फेकींपैकी ४० यशस्वी होतात आणि दडपणाचा त्याच्यावर कोणताच परिणाम होत नाही. अशा खेळाडूने दहा निर्णायक फेकी केल्यास त्यांपैकी सहा किंवा अधिक यशस्वी होण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. दोन किंवा त्याहून कमी यशस्वी होण्याची शक्यताही जवळपास तेवढीच असते. म्हणजे एकाच गुणवत्तेच्या सहा खेळाडूंपैकी एक निव्वळ योगायोगाने 'वीर' ठरू शकतो व दुसरा 'भित्रा'. त्याचप्रमाणे ७० टक्के यश असणाऱ्या खेळाडूचे चार फ्री थ्रो लागोपाठ चुकण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असली तरी ती शून्य नसते. हजारो सामन्यांत असे प्रसंग घडणारच; त्यांपैकी एखादा अंतिम फेरीत घडला की तो इतिहासाचा भाग होतो.

लेकर्सचा कोबी ब्रायंट अखेरच्या क्षणांचा सम्राट मानला जाई. क्रीडा पत्रकार हेन्री ॲबट यांनी २०११ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार, सामना बरोबरीत असताना किंवा लेकर्स दोन अथवा कमी गुणांनी मागे असताना, शेवटच्या २४ सेकंदांत ब्रायंटने तोवर ११५ फेकी केल्या होत्या व त्यांपैकी ३६ यशस्वी झाल्या होत्या. हे प्रमाण सुमारे ३१ टक्के आहे. ब्रायंटच्या चाहत्यांनी यावर असा आक्षेप घेतला की, एवढ्या अवघड फेकी घेण्याची जबाबदारी सातत्याने स्वीकारणे हेच त्याचे वैशिष्ट्य होते.

फ्री थ्रोच्या वेळी बचावपटू आडवा येत नाही व अंतरही बदलत नाही. त्यामुळे दडपणाचा परिणाम तपासण्यास तो अधिक सोयीचा ठरतो. काओ, प्राइस व स्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अत्यंत चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या सेकंदांत एनबीए खेळाडूंचे फ्री थ्रोमधील यश नेहमीपेक्षा ५ ते १० टक्के बिंदूंनी कमी असल्याचे आढळले.

याच्याशी निगडित असा 'हॉट हँड'चा वाद आहे. लागोपाठ काही फेकी यशस्वी झाल्यावर पुढचीही यशस्वी होण्याची शक्यता वाढते, हा सर्वसामान्य समज गिलोविच, व्हॅलोन व ट्वर्स्की यांनी १९८५ मध्ये भ्रम ठरवला. २०१८ मध्ये मिलर व सानहुर्हो यांनी त्या गणनापद्धतीतील एक सूक्ष्म दोष दाखवला. तो दूर केल्यास हा परिणाम काही अंशी खरा असू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मानसशास्त्रीय बाजू

मनाची उत्तेजना व कामगिरी यांचा संबंध यर्क्स व डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडला. काही मर्यादेपर्यंत उत्तेजना उपकारक असते. ती मर्यादा ओलांडली की, विशेषतः अवघड कामात, कामगिरी खालावते. १९८४ मध्ये रॉय बाउमायस्टर यांनी दडपणाखाली कामगिरी का घसरते याची मीमांसा केली. सरावाने अंगवळणी पडलेली क्रिया खेळाडू दडपणामुळे जाणीवपूर्वक न्याहाळू लागतो आणि तिची सहजता हरपते, असे तिचे सार सांगता येते. फ्री थ्रोपूर्वी चेंडू ठरावीक वेळा आपटणे, दीर्घ श्वास घेणे अशा ठरलेल्या सवयी खेळाडू जोपासतात, त्यामागे मन अन्यत्र जाऊ न देण्याचा हेतू असतो.

पुरस्कार व नियम

नियमित हंगामात निर्णायक क्षणी सर्वोत्तम खेळणाऱ्या खेळाडूसाठी एनबीएने २०२२-२३ पासून स्वतंत्र पुरस्कार सुरू केला व त्याच्या करंडकास जेरी वेस्टचे नाव दिले. पहिला मान सॅक्रामेंटो किंग्जच्या डिॲरन फॉक्सला मिळाला. त्यानंतर २०२४ मध्ये स्टीफन करी व २०२५ मध्ये जेलन ब्रन्सन यांची निवड झाली. प्लेऑफमधील कामगिरी या पुरस्कारासाठी विचारात घेतली जात नाही. अखेरच्या क्षणी पंचांच्या निर्णयांनाही मोठे महत्त्व येत असल्याने २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल एनबीए प्रसिद्ध करते. त्यात चूक मान्य झाली तरी सामन्याचा निकाल बदलत नाही.

भारताशी संबंध

भारतातील पहिले एनबीए सामने ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळी येथील एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स व सॅक्रामेंटो किंग्ज या संघांत झाले. पहिला सामना जादा वेळेपर्यंत रंगला व पेसर्सनी तो १३२-१३१ असा जिंकला. हे सामने हंगामपूर्व सरावाचे असल्याने प्लेऑफचे दडपण त्यांत नव्हते. तथापि अखेरच्या क्षणांची चुरस मुंबईकर प्रेक्षकांना प्रत्यक्ष अनुभवता आली.

मूल्यमापन

उपलब्ध अभ्यासांवरून काही गोष्टी सांगता येतात. अखेरच्या क्षणी बहुतेक खेळाडूंचे यशाचे प्रमाण वाढत नाही, उलट कमी होते. त्यामुळे त्या वेळी नेहमीइतकाच चांगला खेळ करणे हीदेखील मोठी कामगिरी ठरते. एरवी श्रेष्ठ असणारे खेळाडूच बहुधा या क्षणीही श्रेष्ठ ठरतात, कारण अवघड फेक निर्माण करण्याचे कौशल्य व शारीरिक क्षमता त्यांच्याकडे असते. मोजक्या फेकींवरून खेळाडूच्या मनोधैर्याविषयी कायमचे मत बनवणे मात्र संख्याशास्त्राच्या दृष्टीने टिकत नाही. नोविट्स्की व जेम्स यांच्याविषयीची मते काही वर्षांतच पालटली. अँडरसनला तशी संधी पुन्हा मिळाली नाही आणि त्याचे नाव आजही प्रामुख्याने त्या चार फ्री थ्रोंशीच जोडले जाते.